सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं

११ जानेवारी १९८६, शनिवार

काल बेळगावहून निपाणीला घरी आले. ताप ९९. सूज आहे, लाली नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही — न्यायचाही नाही.

डॉक्टर म्हणाले, रोज लिहून ठेवा. ताप किती, रंग कसा, दुखतं कुठं, हाताला कडक लागतं का. "तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला शिकवायला नको." म्हणून लिहिते. लेकीच्या, विशाखाच्या पाचवीच्या वह्यांतली कोरी पानं काढून शिवून घेतली.

पट्टा इतका आवळलाय की श्वास अर्ध्यावर थांबतो. पण पट्ट्याच्या आत उजवीकडं काहीतरी आहे! तीन वर्षांनी. पदर दोन्हीकडं सारखा उचललेला दिसतो. बघतच बसले.

चाळीस दिवस घागर नाही, कपडे पिळणं नाही, दळण नाही. झोपायचं फक्त पाठीवर. जखमेला पाणी लागू द्यायचं नाही. अंगावर कुठं साधा फोड आला तरी सांगायचं, कारण त्याचं विष रक्तातून आत बसवलेल्या पिशवीपर्यंत जातं. आणि तिसऱ्या आठवड्यापासून चोळणं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. ते चुकवायचं नाही. ते चुकलं की सगळंच चुकलं.

१२ जानेवारी

ताप नाही. पाठीवर झोपून झोपून पाठ मोडली.

१३ जानेवारी

आत्तींनी आज धीर करून विचारलं. "रबराचं हाय व्हय गं?"

म्हटलं, "रबर न्हवं आत्ती, सिलिकॉन. पिशवी असते, आत चिकासारखं असतंय."

"मग एकच झालं की," म्हणाल्या आणि पोळपाट घेऊन बसल्या. सासू म्हणून त्या वाईट नाहीत. गुडघे गेलेत, तरी आठ दिवस भाकरी त्याच थापताहेत. पण माझ्याकडं बघतात ते छातीकडं आधी बघून मग तोंडाकडं.

१४ जानेवारी

सगळे विचारतात, कशाला केलं. जीव वाचला होता की. त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये मिरजेला गाठीसकट सगळं काढलं, डॉक्टरांनी सांगितलं आता भीती नाही, झालं. मग?

उत्तर कुणाला दिलं नाही. इथं लिहिते.

गेल्या पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याला सलामी देताना हात वर केला आणि माझं कापसाचं गाठोडं सुटलं. मीच शिवलेलं होतं, वजन यावं म्हणून आत चिंचोके घातलेले. चोळीतून निसटून पोटावरून खाली आलं आणि पायाशी पडलं. दोनशे पोरं रांगेत. चौथीतली एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, "बाई, तुमचं काय पडलं?"

मला वाकता येईना. जागची हलता येईना. सहावीच्या रांगेतून विशाखा आली, गाठोडं उचललं, आपल्या दप्तरात टाकलं आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. मान ताठ. अकरा वर्षांची माझी पोर.

त्याच आठवड्यात अशी पिशवी बसवणारे बेंगळूरचे डॉक्टर बेळगावात येतात असं कळलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी. यांना सांगितलं. हे म्हणाले, "कुणाला दाखवायचंय अंजना?"

म्हटलं, "मला."

१६ जानेवारी

टाके काढले. बेळगावला, गंगव्वा सिस्टरनं. हात हलका बाईचा. मी डोळे मिटून घेतले तर म्हणाली, "अंजब्याडरी अंजनाबाई, अंजब्याडरी." भिऊ नका म्हणत होती कानडीत, आणि माझं नावच तसलं. दोघीही हसलो. हसताना उरलेले टाके ओढले.

तिनं चोळायचं कसं ते दाखवलं. खोबऱ्याचं तेल बोटाला. वर ढकलायचं, दहा मोजायचे. खाली, दहा. काखेकडं, दहा. मधे, दहा. "पोटातलं पोर हलत्याना, हंग, तसं. हाताला हललं पायजे."

२५ जानेवारी

आजपासून चोळणं सुरू. कुठं, हाच प्रश्न. घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात आत्ती, बाहेर हे आणि विशाखा. राहिलं न्हाणीघर. पत्र्याचं दार, कडी तुटलेली. चपलेचा बंद बांधून दार ओढून घेतलं आणि पाटावर बसले.

हलतंय! वर ढकललं की वर जातं, सोडलं की जागेवर. सकाळी गार लागतं. सगळं अंग ऊन होतं, ते शेवटी होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

बेळगाव. डॉक्टरांनी दाबून बघितलं, सगळीकडून. "छान. मऊ आहे." मग नीट समजावलं. आत परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती भिंत बांधतंच. प्रत्येक बाईत बांधतं. कुणात पातळ पापुद्रा, कुणात जाड. जाड झाली की ती आवळत जाते आणि पिशवी दगडासारखी लागते. चोळायचं ते यासाठी, भिंतीच्या आतली खोली मोठी राहावी म्हणून.

विचारलं, "नीट चोळलं तर होणार नाही ना?"

म्हणाले, "तुमच्या हातात जे आहे ते करा."

त्या वाक्यावर मी खूश होऊन आले! माझ्या हातात असेल तर मी कशाला सोडते.

१० फेब्रुवारी

शाळेत रुजू. फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिते. हेडमास्तर दारातून बघून गेले. "बाई, वरचा फळा काय भाड्यानं दिलाय?" पोरं हसली. मीही हसले. आज कशाचंच वाईट वाटलं नाही. निळं नवं ब्लाऊज घातलं होतं.

२२ फेब्रुवारी

चोळणं एकदाही चुकलेलं नाही. कडक — नाही. लाली — नाही. रोज तेच लिहिते, रोज लिहिताना बरं वाटतं.

९ मार्च

चुकलं. माझ्या हातानं चुकलं.

नळाला दिवसाआड पाणी. यांची कंडक्टरची ड्यूटी बेळगाव गाडीवर, विशाखाला ताप, आत्ती गुडघ्याला धरून बसलेल्या. नळ जायला आला. शेजारच्या जयाबाईला हाक मारली तर घराला कुलूप. दोन घागरी भरून मीच आणल्या. दुसरी उतरवताना उजवीकडं आत काहीतरी ओढलं गेलं. चाळीस दिवस कधीच संपलेत, म्हणून समजूत घातली. पण मला माहीत आहे.

१७ मार्च

काखेच्या बाजूला कडा लागते. कच्च्या पेरवाएवढी घट्ट. असेल. चोळून जाईल.

२० मार्च

गेली नाही. वीस मिनिटं चोळलं. आत्ती दार वाजवून म्हणाल्या, "किती येळ गं? आंघोळ करत्यास का लगीन?"

५ एप्रिल, शनिवार

डॉक्टर काही बोलायच्या आधीच मला त्यांच्या बोटांवरून कळलं. बोटं काखेकडं दोनदा गेली.

"थोडं कडक व्हायला लागलंय. चोळणं तीन वेळा करा. जोर लावा."

घागरीचं सांगितलं. रडू आलं. म्हणाले, "दोन घागरींनी असं होत नाही बाई." माझा विश्वास बसला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले असतील.

१४ एप्रिल

जयंती. पांढरं पातळ नेसून मिरवणुकीत गेले. दरवर्षी मी पुढच्या रांगेत असते, घोषणा सांगते. यंदाही सांगितल्या. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, उजवी बाजू डावीपेक्षा वर गेलीय. चांगली दोन बोटं. पातळ कपड्यात झाकेना. वस्तीतली रुक्माबाई माझ्याकडं बघून शेजारणीच्या कानाला लागली. काय म्हणाली देव — नव्हे, देव कुठला. काय म्हणाली कुणास ठाऊक.

पदर गुंडाळून घेतला. घोषणा दुसऱ्या कुणीतरी सांगितल्या.

२२ एप्रिल

आई आली. आठ दिवस राहते म्हणाली. तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं तिनं. राजाबाई म्हटलं की निपाणीतल्या सगळ्या वखारी ओळखतात. अजून तिच्या हातांना तंबाखूचा वास येतो, साबणानं जात नाही.

मी न्हाणीघरात निघाले तर मागून आली. "माज्यापासनं काय लपवतीस? माज्याच अंगावर वाढलीस की."

दार ओढून घेतलं. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं चोळलं. तोंडानं दहापर्यंत मोजत होती. शाळेत गेली नाही, पण तंबाखूची मापं मोजून मोजून अंक पक्के. मधेच थांबली.

"शिळ्या भाकरीगत झालंय गं हे."

"हूं."

"तुज्या अंगाला ते परकं वाटतंय. अंग न्हाय म्हणतंय, अंजे."

"मी तर व्हय म्हणते की आई."

आईनं बोट तेलात बुडवलं. परत मोजायला लागली.

३० एप्रिल

आई आठ दिवस रोज तीन वेळा चोळत होती. काल गेली. कडक तेवढंच आहे. किंवा जास्त.

३ मे, शनिवार

हे लिहू नये असं वाटतं, पण लिहायचं ठरलंय.

डॉक्टर म्हणाले, एक उपाय आहे. बाहेरूनच दाबायचं, आतली भिंत फुटेपर्यंत. कापाकापी नाही. "दुखेल. पण क्षणभर."

गंगव्वानं खांदे धरले. डॉक्टरांनी दोन्ही हातांत पकडलं आणि पिळलं. मी ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा डॉक्टरांच्या कपाळाला घाम आला. तिसऱ्यांदा आत टचकन आवाज झाला. मला ऐकू आला, गंगव्वालाही ऐकू आला, तिनं डोळे मिटले. मग मी ओरडले.

पण मऊ झालं! एकदम. हात लावून बघितलं, पहिल्या दिवसासारखं.

"आता खरी परीक्षा," डॉक्टर म्हणाले. "चोळत राहा. सात जूनला दाखवा. नेमकी तीच वेळ असते परत आवळायची. चुकवू नका."

परत येताना यांचीच गाडी मिळाली. यांनी मला पुढची खिडकी दिली, धक्के कमी बसतात म्हणून. निपाणीपर्यंत मी डोळे पुसत होते, पण आनंदानं.

८ मे

काळंनिळं पडलंय. मऊ आहे. मऊ आहे. मऊ आहे.

१५ मे

मऊ.

आज हे रिकामे होते. विशाखा आणि आत्ती जयाबाईकडं लग्नाच्या पापडांना गेल्या होत्या. यांनी जवळ घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी हात आखडला नाही. "दुखत न्हाय न्हवं?" असं दोनदा विचारलं. दुखत होतं. न्हाय म्हटलं.

२७ मे

काखेकडची कडा परत आली.

१ जून

चार वेळा चोळते. तेलानं कातडी सोलवटलीय. शनिवार कधी येतो असं झालंय. सहाच दिवस.

६ जून

बेळगावात कानडी सक्तीविरुद्ध सत्याग्रह चाललाय. गोळीबार झाला. माणसं गेली म्हणतात. हे डेपोतून चालत घरी आले, गाड्या सगळ्या आत लावल्यात. निपाणीही बंद.

"उद्याचं काय?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. माणसं मेलीत, आणि मी एका पिशवीसाठी विचारतेय. तरी विचारलं. तरी रडले.

७ जून, शनिवार

गाडी नाही.

१२ जून

पोस्टातून ट्रंक कॉल लावला, दोन तास बसून. लाईन लागली तेव्हा तिकडून कुणीतरी सांगितलं, डॉक्टर शनिवारी आलेच नाहीत. त्यांनाही वाट मिळाली नसेल. आता पाच जुलै.

कडक. हे लिहायला शब्द बदलायची आता गरज नाही.

२१ जून

यांनी जवळ घेतलं. छाती छातीला लागली आणि यांचा हात थांबला. मला कळलं — पाटाला टेकल्यासारखं लागलं असणार. हे वळून झोपले. सकाळी चहा यांनीच केला. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

५ जुलै, शनिवार

"परत झालंय," डॉक्टर म्हणाले. "आधीपेक्षा जाड."

"परत दाबा."

"आता दाबलं तर आत रक्त साकळेल. पिशवी फुटेल. नाही करता येणार."

मी विचारलं, कशानं झालं. घागरीनं? सात जून चुकला म्हणून? कमी चोळलं? जास्त चोळलं? कुशीवर झोपले होते दोनदा, झोपेत, त्यानं? सगळ्याची यादी मी या वहीतून काढून कागदावर नेली होती, तारखांसकट. त्यांनी कागद पूर्ण वाचला. मग घडी घालून मला परत दिला.

"तुम्ही काही चुकलेलं नाही. तुमच्याइतकं कुणी केलं नसेल. काही बायकांत होतं. का होतं ते आम्हालाही नक्की माहीत नाही."

वाटलं, ओरडून सांगावं — चूक काढा माझी! चूक असेल तर दुरुस्त करता येते. पोरांच्या वह्यांत मी तेच तर करते. चूकच नाही म्हटल्यावर काय करायचं माणसानं?

गाडीत हेच होते. गर्दी होती. तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आले. "काय म्हटले डाक्टर?"

"न्हाय म्हटले."

मागच्या माणसानं संकेश्वर मागितलं. यांनी त्याला तिकीट दिलं, सुट्टे मोजले, आणि पुढं सरकले. यमकनमर्डीपर्यंत परत माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं तेव्हा डोळे लाल होते. धूळ असेल.

१९ जुलै

आता चोळत नाही. तरी सकाळी हात आपोआप तेलाच्या वाटीकडं जातो.

३ ऑगस्ट

वर सरकून गळ्याच्या हाडाखाली आलंय. गोल, उभं, चेंडूसारखं. पहिल्यापेक्षा जास्त दिसतं. पहिल्यांदा काही नव्हतं ते झाकता येत होतं. हे झाकता येत नाही. काल दुसरीच्या पोरीला मांडीवर घेतलं, पडली होती बिचारी. तिचं डोकं इथं आपटलं आणि ती जास्तच रडायला लागली.

१० ऑगस्ट

विशाखाबद्दल लिहायचं टाळत होते.

जूनपासून ती माझ्याजवळ येत नाही. अंथरूण आत्तींच्या शेजारी नेलंय. आधी रविवारी मी तिचं डोकं धुवायचे, पाठ घासायचे. आता न्हाणीघराचं दार आतून धरून बसते. "माझी मी करती." सातवीत गेली, मोठी झाली असेल, म्हटलं. पण डोळ्याला डोळा देत नाही. खोखो सोडला. हेडमास्तर म्हणाले, तालुक्याला जाणार होती संघात, न्हाय म्हणते. मी कारण विचारलं तर म्हणाली, "असंच." खांदे पुढं घेऊन चालते, म्हातारीसारखी.

काल मी कपडे बदलत होते. ती आत आली, बघितलं, आणि पळाली. पळालीच!

आत्तींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोर भ्याली आसंल. तसलं बघून कोण भिणार न्हाय?"

१५ ऑगस्ट

सलामीला विशाखा बरं नाही म्हणून आली नाही. बरं होतं. जेवली होती सकाळी पोटभर.

कळलं मला. गेल्या वर्षी जिनं उचललं, तिला आता किळस येते. तिचा काय दोष. मला येत नाही का?

२८ ऑगस्ट

ताप १००. खालची कातडी लाल. पातळ झालीय, चमकते.

६ सप्टेंबर, शनिवार

काढायचं.

डॉक्टरांनी फार समजावलं नाही, मीही फार विचारलं नाही. कातडी आता धरणार नाही. फाटून पू झाला तर जिवावर येईल. गोळ्या दिल्या तोवर. चार ऑक्टोबर ठरला.

"नंतर दुसरी बसवता येईल?"

"या कातडीवर नाही."

यांना सांगितलं. म्हणाले, "मग काढू या. सुटशील." सुटेन कशातून, ते मला समजलं नाही. आत्तींनी रात्री न सांगता माझ्या वाटणीची भांडी घासून टाकली. गुडघे धरून.

२० सप्टेंबर

आई आलीय. माझ्याजवळ बसून असते. तिला सांगितलं, "अंगानं न्हायच म्हटलं आई." ती म्हणाली, "आता तू तरी अंगाला न्हाय म्हणू नगं."

बोलायला सोपं.

६ ऑक्टोबर, सोमवार. बेळगाव

काढलं परवा. पट्टा बांधलाय, खाली सपाट. नळीतून लाल पाणी येतं.

बेंगळूरला परत जाण्याआधी डॉक्टर सकाळी पिशवी दाखवायला घेऊन आले. मीच मागितली होती बघायला. स्टीलच्या ट्रेमध्ये होती. कुठं फाटलेली नाही, डाग नाही, काचेसारखी स्वच्छ. मी बोट लावलं. आणि दचकले.

मऊ होती.

इतकी मऊ! डॉक्टर म्हणाले, "ती कधीच कडक झाली नव्हती. कडक झालं ते तुमच्या शरीरानं भोवती बांधलं ते."

म्हणजे इतके महिने मी जिला दोष देत होते, ती बिचारी आत जशीच्या तशी होती. आवळत होते ते मीच. माझंच मांस. माझ्याच अंगानं मला तसं करून ठेवलं आणि मी बाहेरून त्याला तेल लावत होते.

ट्रे घेऊन गेले. गंगव्वा पाय दाबत बसली. आज ती अंजब्याडरी म्हणाली नाही.

१२ ऑक्टोबर

घरी. दसऱ्याची सुट्टी. शाळा उघडली की परत कापूस. आता खड्डाही पडलाय, कापूस जास्त लागेल.

लिहायला काही राहिलं नाही. ताप नाही. लाली नाही. कडक नाही. काहीच नाही.

१५ ऑक्टोबर

विशाखानं ताट वाढून आणून दिलं, जमिनीवर ठेवलं आणि गेली. हातात दिलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुपारी घरात आम्ही दोघीच. विशाखा उंबऱ्यावर येऊन उभी. आत येईना, बाहेर जाईना. मी म्हटलं, "माझ्याकडं बघायचं नसलं तर नको बघू बाळा, मला राग न्हाय." तशी ओक्साबोक्शी रडायला लागली.

"आई, मलापण झालंय. गाठ. जूनपासनं."

"कुठं?"

"तुझी हुती तिथंच. धक्का लागला की लई दुखतंय. तुला अजून तरास हुईल म्हणून सांगितलं न्हाय. मिरजेला मी एकटी जाऊ का आज्जीसंगं?"

चार महिने. चार महिने ही पोर एकटी —

म्हटलं, "कुठल्या बाजूला?"

तिनं नाक पुसलं. "दोन्हीकडं."

"दोन्हीकडं? सारखी?"

"व्हय. सारखीच."

मी हसायला लागले. हसता हसता टाके ओढले, रडू आलं, तिला ओढून घेतलं, सपाट बाजूला, डाव्या बाजूला, जिकडं मावेल तिकडं. ती घाबरून बघत होती.

"म्हणजे कापायचं न्हाय?"

"न्हाय गं. वाढायचं."